ऑथेंटिक मूव्हमेंट

नृत्य-हालचाल उपचारांतील एक सजगताप्रधान पद्धत. अमेरिकन नर्तिका मेरी स्टार्क्स व्हाइटहाउस (१९११–७९) यांनी ती साधारणपणे १९५० च्या दशकात लॉस अँजेलिस येथे विकसित केली. हिच्यात ठरीव पदन्यास नसतात. संगीतही बहुधा नसते.

व्हाइटहाउस यांचे नृत्यशिक्षण जर्मनीत मेरी विगमन यांच्याकडे आणि अमेरिकेत मार्था ग्रॅहॅम यांच्याकडे झाले. पुढे त्या स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी मांडलेल्या मनोविश्लेषणाकडे वळल्या. पद्धतीचे मूळ यांपैकी कशात शोधावे, याबाबत एकमत नाही. काही अभ्यासक ते विगमन यांच्या उत्स्फूर्त नृत्यात पाहतात. जोन चोडोरो यांच्यासारखे युंगपंथीय मात्र ‘सक्रिय कल्पना’ या, मनातील प्रतिमांना जागेपणी आपोआप उमलू देण्याच्या तंत्राकडे बोट दाखवतात. युंग यांनी त्याचे विवेचन १९१६ मध्ये लिहिले, पण ते छापले गेले १९५७ मध्ये. काही स्त्री-रुग्ण मंडले (वर्तुळाकार प्रतीकचित्रे) चितारण्याऐवजी नाचून दाखवत, अशी नोंदही त्यांनी १९२९ च्या एका भाष्यात केली आहे. आपण हालचाल ‘करणे’ आणि ती आपल्याकडून ‘होणे’ यांत व्हाइटहाउस यांनी केलेला भेद पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. बौद्ध सतिपट्ठानाशी, म्हणजे सजगतेच्या ध्यानसाधनेशी, दाखवले जाणारे नाते बहुधा उत्तरकालीन असावे. ‘चालताना मी चालत आहे हे जाणतो’ या सुत्तवचनाशी साम्य उघड आहे. परंतु साम्य म्हणजे उगम नव्हे. शिवाय आरोग्यक्षेत्रात सजगतेचा बोलबाला झाला तो मुख्यतः जॉन कबात-झिन यांच्या १९७९ मधील मॅसॅच्युसेट्सच्या सजगताधारित ताणनिवारण उपक्रमानंतर.

साक्षीची, म्हणजे हालचाल पाहणाऱ्या व्यक्तीची, भूमिका ठळक केली ती व्हाइटहाउस यांच्या शिष्या जॅनेट ॲडलर यांनी. हालचाल करणारी व्यक्ती डोळे मिटून अंतःप्रेरणेची वाट पाहते. काही क्षण नुसते उभे राहण्यातही जातात. वेगाने फिरण्याची वा हात झोकण्याची ऊर्मी आली, तर कोणाला धक्का लागू नये म्हणून तिने डोळे उघडावेत, असा दंडक आहे. साक्षी कडेला बसून पाहते आणि त्याच वेळी स्वतःच्या मनात उमटणाऱ्या प्रतिक्रियाही न्याहाळते. नंतर आधी हालचाल करणारी व्यक्ती बोलते. साक्षीने अर्थ लावायचा नसतो. ‘तू दुःखी होतीस’ असे न म्हणता ‘तुझा हात छातीशी आला, तेव्हा मला जडपणा जाणवला’ एवढेच सांगायचे असते.

परिणामकारकतेचा पुरावा तोकडा आहे. नैराश्यावरील नृत्य-हालचाल उपचारांच्या २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात (वैद्यकीय चाचण्यांच्या पद्धतशीर आढाव्यात) केवळ तीन चाचण्या व १४७ सहभागी होते. त्यातून ठाम निष्कर्ष निघाला नाही. तो आढावाही या एका पद्धतीपुरता नव्हता. तीव्र मनोविकृतीत किंवा ताज्या आघातानंतर ती जपून वापरावी लागते, कारण मिटल्या डोळ्यांनी आत वळणे काहींना असह्य होऊ शकते.

भारतात ‘कोलकाता संवेद’ (स्था. २००४) ही संस्था मानवी तस्करीतून सुटलेल्या मुली-स्त्रियांसाठी नृत्य-हालचाल उपचार राबवते. तिच्या सहकार्याने मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत या विषयाचा पदविका अभ्यासक्रमही सुरू झाला.