रेघांचा प्रयोग आणि अर्धवट फॉरवर्ड

फॉरवर्ड असा: ‘चारचौघं चूक बोलले की माणूस डोळ्यांना दिसणारंही नाकारतो, प्रयोगात सिद्ध झालंय.’

प्रयोग खरा आहे, १९५०च्या दशकातला, अमेरिकेतला. तीनपैकी कोणती रेघ नमुन्याएवढी, एवढंच सांगायचं. गटात खरी परीक्षा एकाचीच; बाकीचे फितवलेले, आधीच ठरवून, मोठ्याने चुकीची रेघ सांगत. अशा वेळी परीक्षा घेतलेल्या दर चौघांपैकी तिघं निदान एकदा तरी झुकले. फॉरवर्ड तिथेच थांबतो. पण चुकीला होकार देणारी उत्तरं एकूण ३७ टक्केच होती आणि चौथा एकदाही ढळला नाही. कुणी एकाने खरं सांगितलं की होकार झपाट्याने घटत. उत्तर गुपचूप कागदावर लिहायचं असलं तरी घटत. म्हणजे रेघ बहुतेकांना नीट दिसत होती; वेगळं पडायचं नव्हतं, इतकंच.

पडताळायचंय? घरी पाच जणांना फितवा, सहाव्याला सर्वांत शेवटी विचारा. मग तसंच दुसऱ्या कुणाला, पण चिठ्ठीवर.