रीमास्टर आणि रीमिक्स: पिंक फ्लॉइडच्या मधल्या वर्षांच्या निमित्ताने

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा 1972 सालचा 'ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स' आज दोन रूपांत मिळतो. एक 2011 चं रीमास्टर, दुसरं 2016 चं रीमिक्स. गाणी तीच, वाजवणारे तेच चौघे. त्यामुळे पुष्कळ जण दोन्ही शब्दांचा अर्थ 'जुनं रेकॉर्डिंग घासूनपुसून दिलंय' एवढाच घेतात. पण रीमास्टर करणारा माणूस 1972 मध्ये घेतलेल्या निर्णयांना हात लावत नाही, आणि रीमिक्स करणारा तेच निर्णय नव्याने घेतो. (आपल्याकडे रीमिक्स म्हटलं की जुन्या गाण्याखाली घातलेला नवा ठेका आठवतो. त्याचा इथे संबंध नाही.)

स्टुडिओत ड्रम, बास, गिटार, आवाज टेपच्या वेगवेगळ्या ट्रॅकवर भरले जातात. ही मल्टिट्रॅक टेप. तिच्यावरून कोण किती मोठ्याने, कोण डावीकडे, कोण उजवीकडे, कुठे किती घुमारा हे ठरवून दोन ट्रॅकचं पक्कं गाणं बनवतात, ते मिक्सिंग. त्या तयार गाण्यावर रेकॉर्ड कापण्यापूर्वी किंवा सीडी काढण्यापूर्वी शेवटचा हात फिरतो, ते मास्टरिंग. रीमास्टरमध्ये फक्त ही शेवटची पायरी पुन्हा होते. रीमिक्ससाठी मल्टिट्रॅकपर्यंत मागे जावं लागतं. पुस्तकाच्या भाषेत, रीमास्टर म्हणजे त्याच मजकुराची स्वच्छ नवी छपाई, आणि रीमिक्स म्हणजे हस्तलिखितं पुन्हा उघडून केलेलं संपादन.

फ्लॉइडच्या बाबतीत हा फरक 1968 ते 1972 या वर्षांत सगळ्यात जास्त जाणवतो. गाणी लिहिणारा, बँडचा चेहरा असलेला सिड बॅरेट 1968 च्या सुरुवातीला बाजूला झाला आणि डेव्हिड गिल्मर आला. काही आठवडे तर बँडमध्ये पाच जण होते. पुढे 1973 मध्ये 'द डार्क साइड ऑफ द मून' येईपर्यंत सहा अल्बम निघाले, आणि त्यातल्या प्रत्येकात 'आता आपण कोण?' याचं वेगळं उत्तर आहे. सिनेमांचं संगीत, वाद्यवृंद, चौघांनी वाटून घेतलेले एकेकट्याचे तुकडे, सगळं करून पाहिलं. नोव्हेंबर 2016 मध्ये आलेला 'द अर्ली इयर्स 1965–1972' हा 27 डिस्कचा बॉक्स याच चाचपडण्याचं दप्तर आहे.

रीमास्टरच्या मर्यादा समजून घ्यायला 1970 च्या 'अ‍ॅटम हार्ट मदर'सारखं उदाहरण नाही. हे शीर्षकगीत 23 मिनिटांहून मोठं. ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या अ‍ॅबे रोड स्टुडिओत तेव्हा आठ ट्रॅकची नवी यंत्रं आली होती आणि ती रुंद टेप कापून जोडायची नाही असा कंपनीचा नियम होता. त्यामुळे रॉजर वॉटर्स आणि निक मेसन यांना बास आणि ड्रमचा अख्खा पाया एका दमात वाजवावा लागला. साहजिकच लय कुठे पुढे धावते, कुठे रेंगाळते. रॉन गीसिन या बाहेरच्या संगीतकाराने लिहिलेले पितळी वाद्यांचे आणि गायकवृंदाचे भाग नंतर या डळमळत्या पायावर चढवले. ध्वनी अभियंता जेम्स गथ्रीने 2011 मध्ये फ्लॉइडचे सगळे स्टुडिओ अल्बम रीमास्टर केले, पण रीमास्टर या लयीला काहीच करू शकत नाही. टेपची सळसळ, खर्जाचा भरीवपणा, दोन गाण्यांच्या पातळीतला फरक, एवढंच त्याच्या हातात. वाईट मास्टरिंगमध्ये उलटंही होतं. सगळंच एकसारखं मोठ्याने वाजवलं की हळू जागा मरतात, आणि फ्लॉइडमधून हळू जागा गेल्या तर उरतं काय?

रीमिक्सने ती लय सुधारेल का? तीही नाही, कारण दोष वाजवण्यात आहे. पण रीमिक्स करणारा पितळी वाद्यं मागे ढकलून बँड पुढे आणू शकतो. 'अर्ली इयर्स'च्या 1970 च्या भागात याहून चांगली सोय आहे: वाद्यवृंद नसलेली, फक्त चौघांची आधीची स्टुडिओ आवृत्ती. ती ऐकल्यावर गीसिनने किती भार उचलला होता ते लक्षात येतं.

आता रीमिक्स. बॅरेटची 'व्हेजिटेबल मॅन' आणि 'स्क्रीम दाय लास्ट स्क्रीम' ही 1967 ची दोन गाणी जवळजवळ पन्नास वर्षं अधिकृतपणे बाहेर आलीच नव्हती. चोरट्या प्रतींवर मात्र ती जगभर फिरत होती. बॉक्समध्ये त्यांचं 2010 चं मिक्स आहे. इथे रीमिक्सवर आक्षेप घ्यायला जागाच नाही, कारण रसिकांच्या कानात बसलेली जुनी अधिकृत आवृत्ती अस्तित्वातच नव्हती. कुणीतरी मिक्स करायलाच हवं होतं.

तरी रीमिक्सचेही हात बांधलेले असतात. 1967 मध्ये अ‍ॅबे रोडला चार ट्रॅकच होते. ते भरले की चारांचं मिश्रण करून दुसऱ्या टेपच्या एक-दोन ट्रॅकवर उतरवायचं आणि उरलेल्यांवर नवं भरायचं. एकदा ड्रम आणि बास असे एकत्र मिसळले की ते सुटे करता येत नसत. बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर'चं 2022 चं रीमिक्स झालं ते सिने-दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या चमूच्या सॉफ्टवेअरमुळे, कारण त्याने असे मिसळलेले आवाज वेगळे काढले. 'सी एमिली प्ले'सारख्या गाजलेल्या फ्लॉइड गाण्याचं तर खरं स्टिरिओ मिक्स आजवर आलेलंच नाही.

आणि मग येतं तिसरंच प्रकरण, जे रीमिक्सच्या नावाखाली खपतं आणि ज्याच्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. वॉटर्स 1985 मध्ये बाहेर पडल्यावरचा पहिला अल्बम म्हणजे 1987 चा 'अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन'. हाही संक्रमणाचाच काळ. मेसनचा सराव सुटला होता, म्हणून बरेचसे ड्रम बाहेरच्या वादकांनी आणि यंत्रांनी वाजवले. मधल्या काळात बाहेर गेलेला कीबोर्डवादक रिचर्ड राइट परत आला होता, पण पगारी वादक म्हणून. 2019 च्या 'द लेटर इयर्स' बॉक्ससाठी हा अल्बम पुन्हा मिक्स केला, तेव्हा मेसनने ड्रम नव्याने वाजवले, आणि 2008 मध्ये वारलेल्या राइटची कीबोर्डं नंतरच्या दौऱ्यांच्या रेकॉर्डिंगमधून आणून बसवली. कव्हरवर 'रीमिक्स्ड अँड अपडेटेड' असं लिहिलंय, म्हणजे फसवणूक नाही. ऐकायलाही ते जास्त उबदार आहे. पण 1987 चा तो अल्बम एकसंध बँडचा नव्हता, हीच त्याची गोष्ट होती. नव्या आवृत्तीत मोडलेला बँड सांधलेला ऐकू येतो. ज्याला इतिहास ऐकायचाय त्याने जुनी प्रत फेकून देऊ नये.

'लाइव्ह अ‍ॅट पाँपेई'चं उदाहरण याच्या उलट. ऑक्टोबर 1971 मध्ये इटलीतल्या त्या ओसाड रोमन रंगमंडपात प्रेक्षकांविना केलेल्या चित्रीकरणाच्या संगीताचं एक मिक्स 2016 च्या बॉक्समध्ये आहे आणि दुसरं, संगीतकार स्टीव्हन विल्सनने केलेलं, 2025 मध्ये आलं. वादन एकच, मिक्स करणारे कान वेगळे. रीमिक्स म्हणजे काय हे कुणाला दहा मिनिटांत समजवायचं असेल, तर 'एकोज'चा एकच तुकडा दोन्हींतून लागोपाठ लावावा.

विकत घेताना मागची बारीक अक्षरं वाचावीत. साल आणि 'रीमास्टर्ड' एवढंच असेल तर मिक्स जुनंच आहे. 'मिक्स' शब्दाआधी साल असेल, जसं '2010 मिक्स', तर निर्णय त्या सालातले. आणि पहिल्या, 1967 च्या अल्बमबाबत आणखी एक मेख: त्याची मोनो आणि स्टिरिओ मिक्सं त्याच वर्षी वेगवेगळी केली होती, म्हणजे दोन्ही मूळच. चाळिसाव्या वर्षाच्या 2007 च्या आवृत्तीत ती शेजारीशेजारी मिळतात.

बॉक्समधल्या काही गोष्टींना मात्र यातलं काहीच वाचवू शकत नाही. सप्टेंबर 1967 च्या स्टॉकहोमच्या कार्यक्रमात बॅरेटचं गाणं जवळजवळ ऐकूच येत नाही. तरी ते दिलंय, आणि बरं केलं. सगळा बॉक्स महाग आहे. मार्च 2017 पासून त्यातले सहा भाग सुटेही मिळू लागले. एकच घ्यायचा तर मी 1970 चा 'डेव्हिएशन' घेईन. सातवा, 'कंटिन्युएशन', मात्र मोठ्या बॉक्सबरोबरच येतो.