पंगतीतील ताट (खानदेश)

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या खानदेशात लग्न, जाऊळ, भंडारा, गंधमुक्ती (मृत्यूनंतरचे उत्तरकार्य) अशा प्रसंगी शेकडो माणसे एकाच वेळी जेवायला बसतात. त्यांच्यापुढे मांडले जाणारे ताट, वाटी व पेला आणि त्यांच्या जागी वेळोवेळी आलेली पाने, द्रोण व फेकून देण्याच्या ताटल्या यांचा विचार या नोंदीत केला आहे. साधारण तीन-चार पिढ्यांच्या काळात हे ताट पळसाच्या पानापासून पितळ, स्टील व थर्माकोल अशा वाटेने मेलामाइन या कडक प्लास्टिकपर्यंत आले. त्यात हौसेचा आणि प्रतिष्ठेचा वाटा आहेच. परंतु पंगत उठल्यावर उष्टी ताटे कोणी घासायची आणि ऐन वैशाखात त्यासाठी पाणी कोठून आणायचे, या दोन प्रश्नांनी हा बदल अधिक घडवला, असे दिसते.

ताट कसे असावे हे मुळात बेतावर अवलंबून असते आणि खानदेशी पंगतीचा बेत पातळ आहे. वरण-बट्टी, घोटलेली वांगी, गंगाफळाची (लाल भोपळ्याची) भाजी आणि भात हा या भागातील गावजेवणाचा सर्वपरिचित बेत होय. गव्हाच्या जाडसर पिठात मक्याचे पीठ मिसळून केलेले उंडे आधी उकडायचे किंवा वाफवायचे, मग त्यांचे तुकडे करून तळायचे, अशी बट्टीची एक रीत आहे. जेवणारा ही बट्टी ताटातच हाताने कुस्करतो, चुऱ्याच्या मधोमध आळे करतो, वाढपी बादलीतले वरण ओगराळ्याने त्या आळ्यात ओततो आणि त्याच्या पाठोपाठ तुपाची धार धरणारा येतो. हे सगळे सामावून घेण्यासाठी ताटाला बोटभर तरी उभा काठ लागतो आणि चुरा कालवायला मोकळी जागा लागते. खाणावळीत चालणारे खणाखणांचे स्टीलचे ताट म्हणूनच येथे गैरसोयीचे ठरते. त्याच्या मोठ्यात मोठ्या खणातही बट्टी मनासारखी कुस्करता येत नाही. खापरावर भाजलेल्या पुरणाच्या मांड्याची अडचण याच्या उलट आहे. तो ताटाहून मोठा असल्याने घडी घालूनच वाढावा लागतो आणि सोबतच्या आमरसासाठी नेहमीच्या वाटीपेक्षा मोठी वाटी लागते.

पंगतीचे सर्वांत जुने ताट म्हणजे पत्रावळ. सातपुड्याच्या पायथ्याला पळस विपुल आहे, आणि ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण शब्दशः खरी असल्यामुळे एकेका देठाला मिळणारी ती तीन रुंद, चामट पर्णदले पत्रावळीला सोयीची पडतात. पाने एकमेकांवर थोडी चढवून बारीक काड्यांनी टाचली की पत्रावळ होते, आणि एक-दोन पाने दुमडून कडेला काडी खोचली की द्रोण होतो. मोहाची पानेही याच कामी येतात. शेतातली कामे उरकली की उन्हाळ्याच्या तोंडाला घरोघरी पत्रावळी टाचून त्या दाबून वाळवून ठेवत. लग्न ठरलेल्या घरी भाऊबंदांच्या बायका यासाठी एकत्र बसत. डोंगराकडच्या भिल्ल व पावरा वस्त्यांतून पाने आणि तयार पत्रावळी शेकड्याच्या हिशेबाने बाजारात येत असत. वाळलेली पत्रावळ कडक होते व दुमडताना तडकते, म्हणून पंगत बसण्याआधी गठ्ठ्यावर पाणी शिंपडून ती नरम करावी लागते. जमीन उंचसखल असेल तर वरण एका बाजूला वाहते. अशा वेळी पत्रावळीच्या कडेखाली खडा किंवा मातीचे ढेकूळ सरकवून ती समपातळीत आणायची, हे जेवणाऱ्याला कोणी शिकवावे लागत नसे.

पत्रावळीच्या लोकप्रियतेचे कारण केवळ तिची स्वस्ताई नव्हते. उष्टे-खरकटे आणि विटाळ यांविषयीच्या समजुतींमुळे दुसऱ्याच्या तोंडचे ताट पुन्हा वापरणे पुष्कळांना नको असे, आणि एकदाच वापरून टाकायच्या पानाने हा प्रश्न आपोआप सुटत असे. जातवार वेगळ्या बसणाऱ्या पंगतींच्या काळात ही सोय म्हणजे भेदभावाची सोयही होती, हे नोंदवणे आवश्यक आहे. जेवणानंतर पत्रावळी उकिरड्यावर जात, त्यांतील उरलेले अन्न गुरे आणि कुत्री खात आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत पानांचे खत होत असे. पाणी लागे ते हात धुण्यापुरतेच.

धातूची ताटे त्या काळीही होती, पण ती घरची. पितळेचे ताट, काशाची वाटी, तांब्या आणि फुलपात्र हा सुस्थितीतील घराचा संच असे आणि पंगतीत तो जावई, व्याही किंवा गावातील मान्यवर यांच्यापुढेच येई. लहान गावांत भंडाऱ्याला जाताना प्रत्येकाने घरून आपले ताट-तांब्या घेऊन जायचे, अशीही रीत होती. पितळेचा मोठा दोष असा की आंबट पदार्थ त्यात कळकतो. ताक, चिंचेचे सार किंवा आमरस त्यात ठेवायचा तर भांड्याला आतून कल्हई हवी. कल्हईवाला झाडाखाली खड्ड्यात भट्टी मांडून भात्याने निखारा फुलवी, भांडे तापले की आत नवसागराची पूड टाकून कापसाच्या बोळ्याने पुसून घेई, त्यासरशी पांढरा, नाकाला झोंबणारा धूर निघे. मग कथलाची कांडी तापल्या पितळेला नुसती टेकवली तरी वितळे, कारण कथील सुमारे २३२ अंश सेल्सिअसलाच पातळ होते. बोळा गरागरा फिरवून तो रस सगळीकडे सारखा पसरला की भांडे पाण्यात बुडवायचे. चर्र आवाज होऊन ते चांदीसारखे बाहेर येई. हा लेप घासण्याने झिजतो व पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. शेकडो ताटांच्या पंगतीला हा खर्च परवडणारा नव्हता, म्हणून पितळ स्वयंपाकाच्या हंड्या-पातेल्यांत टिकले, तरी पंगतीतल्या प्रत्येकाच्या ताटापर्यंत ते कधी पोहोचले नाही. दरम्यान ‘जर्मन’ या नावाने ओळखली जाणारी ॲल्युमिनियमची हलकी भांडी आली. ती स्वस्त होती, पण चटकन पोचत आणि काळवंडत, त्यामुळे त्यांना मान असा कधी मिळाला नाही.

खरे स्थित्यंतर स्टीलने केले. क्रोमियममिश्रित न गंजणाऱ्या पोलादाचा शोध इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ मध्ये लावला. भारतीय स्वयंपाकघरांत त्याची भांडी रूढ झाली ती स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत. स्टीलला कल्हई लागत नाही, त्यात आंबट कळकत नाही आणि ते पडले तर फुटत नाही. जुन्या कपड्यांच्या मोबदल्यात बोहारणीकडून स्टीलची वाटी किंवा डबा घेणे हा घरोघरच्या बायकांचा आवडता व्यवहार झाला, आणि लग्नाच्या आहेरात पितळ मागे पडून स्टील पुढे आले. विजेच्या छोट्या यंत्राने ठिपक्याठिपक्यांची अक्षरे उमटवून भांड्यांवर नाव टाकण्याचा धंदाही यातूनच वाढला.

स्टीलमुळे पंगतीच्या ताटाची मालकी बदलली, ही या इतिहासातील सर्वांत लक्षणीय गोष्ट म्हणावी लागेल. एका घराला शेकडो ताटे घेऊन ठेवणे शक्य नसते. ते काम गावातील मंदिर, भजनी मंडळ, तरुण मंडळ किंवा जातसमाजाचे कार्यालय यांनी अंगावर घेतले. वर्गणीतून ताटे, वाट्या, पेले, बादल्या, ओगराळी, पराती अशी ‘समाजाची भांडी’ जमवायची, एका खोलीत कुलूपबंद ठेवायची आणि कार्य असणाऱ्या घराला नाममात्र भाड्याने द्यायची, अशी ही व्यवस्था आहे. भांडी मोजून न्यायची, मोजून परत करायची, वहीवर सही करायची आणि कमी भरतील तेवढ्यांची किंमत भरायची. आई-वडिलांच्या स्मरणार्थ शंभर ताटे देण्याची पद्धतही यामुळे रुजली. ताटाच्या काठावर ‘कै.’ने सुरू होणारे नाव कोरलेले असते, त्यामुळे वरण संपवता संपवता जेवणाऱ्याला ते वाचायला मिळते. एखाद्या गावात कोणत्या घरातली माणसे केव्हा गेली, याचा ही भांडी म्हणजे एक प्रकारचा अनौपचारिक दप्तरखानाच होय. देवळातल्या पायऱ्यांवर नाव कोरण्यापेक्षा हा मार्ग अधिक उपयोगी, असे या लेखकाचे मत आहे.

मात्र ताटे घासण्याचा प्रश्न इथेच उभा राहिला. भांडी चारशे आणि माणसे बाराशे असतील तर जेवणे चालू असतानाच तीच ताटे दोनदा धुऊन पुन्हा मांडावी लागतात. मांडवामागे तीन टाक्या किंवा पिंपे लावतात. आधी खरकटे झाडायचे, मग पहिल्या पाण्यात पावडरीने किंवा राखेने घासायचे आणि पुढच्या दोन पाण्यांतून काढायचे. ताट, वाटी आणि पेला मिळून माणशी दोन लिटर पाणी धरले तरी बाराशे माणसांना २,४०० लिटर लागते. लग्नसराई नेमकी एप्रिल-मेमध्ये, जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असताना आणि विहिरींनी तळ गाठलेला असताना येते. पाणी वाचवायचे तर शेवटच्या टाकीतले पाणी तेलकट होते, ताटाला चिकटपणा राहतो आणि पाहुणे ते कागदाने पुसून घेतात. पूर्वी हे काम भाऊबंदांतील मुले व बायका करीत. पुढे त्यासाठी रोजंदारीने माणसे लावावी लागली आणि तीही मिळेनाशी झाली.

थर्माकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीन. विसाव्या शतकाच्या अखेरीस या पांढऱ्या, पिसासारख्या हलक्या ताटल्या तालुक्याच्या दुकानांत मिळू लागल्या, तेव्हा त्यांचे स्वागत झाले ते या पार्श्वभूमीवर. रात्रीच्या पंगतीला शेकडो ताटल्या एका मोटारसायकलवरून आणता येत, धुणे नव्हते, मोजणी नव्हती. तोटे मात्र पहिल्या पंगतीतच दिसत. तळणीतून थेट आलेल्या बट्टीने आणि तिच्यावरच्या गरम तेलतुपाने ताटली मऊ पडे, वाऱ्याची झुळूक आली की रिकाम्या ताटल्या उडत, म्हणून आधी मीठ-लोणचे वाढून त्यांना वजन द्यावे लागे. पंगतीनंतर त्या गावाबाहेर नाल्यात साचत, जाळल्या तर काळा धूर निघे आणि उष्ट्याच्या वासाने गुरे त्या चघळत. पत्रावळीप्रमाणे वापरून टाकण्याची सवय कायम राहिली, टाकलेली वस्तू मात्र मातीत मिसळेनाशी झाली.

शेकडो माणसांना एकाच वेळी जेवू घालणाऱ्या कोणत्याही व्यवस्थेला वजन, फूट, पाणी आणि कचरा यांचा हिशेब चुकत नाही. पर्यटकांना घेऊन फिरणाऱ्या मोठ्या जहाजांवर तो अधिक कडक असतो. तेथे जेवणघरात चिनी मातीची ताटे असली तरी उघड्या डेकवर, तरणतलावाजवळ न फुटणारे मेलामाइन वापरतात, आणि मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या परिशिष्टानुसार ३१ डिसेंबर १९८८ पासून समुद्रात प्लास्टिक टाकण्यास मनाई आहे. गावाच्या नाल्याला असे संरक्षण मिळायला आणखी तीस वर्षे लागली. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिक व थर्माकोलच्या ताटल्या, पेले, वाट्या आणि चमचे यांवर बंदी घातली. केंद्र शासनाची एकदाच वापरायच्या प्लास्टिक वस्तूंवरील बंदी १ जुलै २०२२ पासून देशभर लागू झाली. आतून प्लास्टिकचा लेप दिलेल्या कागदी ताटल्याही राज्यात त्याच वर्षी बंदीच्या कक्षेत आल्या. शहरांतील दुकानांवर याचा परिणाम दिसला. आडगावच्या मांडवात तो तितकासा दिसतो असे म्हणता येत नाही.

आज खानदेशात एकाच गावात तीन-चार प्रकारची ताटे शेजारी शेजारी नांदतात. मंगल कार्यालयातील लग्नात उभ्याने जेवण असते आणि तेथे केटरर आपल्या मेलामाइनच्या ताटल्या घेऊन येतो. त्या दिसायला चिनी मातीसारख्या, हाताळायला हलक्या. पण हळदीचे पिवळे डाग त्यांना धरतात, चमच्याचे ओरखडे पडतात आणि चकाकी गेलेली ताटली कितीही धुतली तरी उष्टी वाटते. एका हातात ताटली धरून दुसऱ्या हाताने बट्टी कुस्करणे अवघड असल्यामुळे अशा लग्नांत वरण-बट्टी मागे पडून पनीरची भाजी आणि पुऱ्या पुढे आल्या आहेत, म्हणजे येथे ताटाने बेत बदलला. गंधमुक्ती आणि भंडाऱ्याला मात्र माणसे अजून खाली बसतात व समाजाची स्टीलची ताटे निघतात. उसाच्या चिपाडापासून दाबून केलेल्या ताटल्या आणि सुपारीच्या झाडाच्या विरीच्या, म्हणजे पानाच्या बुडाशी खोडाला वेढणाऱ्या रुंद भागाच्या, ताटल्या शहरांत मिळतात. सुपारी या भागात होत नसल्याने दुसऱ्या प्रकारच्या ताटल्या बाहेरून येतात आणि महाग पडतात. पळसाच्या पानांना पाठीमागून जाड कागद लावून यंत्रावर दाबलेली पत्रावळ हा त्यातला मधला मार्ग आहे. तिला काड्या नसतात, त्यामुळे जेवताना घासात काडी येण्याची जुनी भीती उरलेली नाही.

केळीचे पान या सगळ्यात कोठे बसते, असा प्रश्न केळीसाठी प्रसिद्ध असलेल्या जळगाव जिल्ह्याबद्दल साहजिकच विचारला जातो. दक्षिणेप्रमाणे ते येथे मोठ्या पंगतीचे नित्याचे ताट झाले नाही. त्याची जागा नैवेद्याला, सत्यनारायणाला आणि हिवाळ्यातील भरीत पार्टीला आहे. रावेर-यावल पट्ट्यात वा जळगावजवळच्या शेतात हिरवी-पांढरट भरताची वांगी काड्यांच्या जाळावर भाजून, साल काढून, लाकडी भांड्यात हिरव्या मिरच्यांसह ठेचतात आणि कळण्याची (ज्वारी व उडीद एकत्र दळलेल्या पिठाची) भाकरी किंवा पुरी, कांद्याची पात व मुळा यांच्यासोबत बांधावरच वाढतात. पाने त्याच शेतातली, जेवायला बसायच्या पाच मिनिटे आधी कापलेली असतात. भरीत घट्ट असल्याने वाहून जाण्याची धास्ती नसते. जेवण झाले की पान दुमडून गुरांपुढे टाकतात.