दूषित इंधन (लहान विमानांतील)

पाणी, गंज, धूळ किंवा चुकीच्या जातीचे तेल मिसळलेले इंधन म्हणजे दूषित इंधन. लहान विमानाचे इंजिन हवेत अडखळण्याचे किंवा बंद पडण्याचे हे जुने कारण. खानदेशात गोंदूर (धुळे), शिरपूर आणि जळगाव येथे वैमानिक प्रशिक्षणाची विमाने उडतात, म्हणून हा विषय इथे पुस्तकापुरता राहत नाही.

या विमानांपैकी अनेकांत एव्हगॅस 100 एलएल हे विमानांसाठीचे खास पेट्रोल वापरतात. ओळखू यावे म्हणून त्याला निळा रंग दिलेला असतो. त्याच्या एका लिटरचे वजन सुमारे 720 ग्रॅम. पाणी त्याहून जड असल्याने टाकीच्या तळाशी बसते आणि इंजिनाची नळी तळाजवळूनच निघते. टाकी अर्धी रिकामी राहिली की रात्रीच्या गारव्यात आतल्या हवेतील बाष्पाचे थेंब होतात. पंखावरच्या झाकणाचे रबरी सील हे दुसरे दार. मे महिन्यात जळगावचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो. त्या उन्हात चिरलेले सील जूनच्या पहिल्याच पावसात पाणी आत सोडू शकते. उघड्यावर उभ्या ठेवलेल्या बॅरलचेही तसेच: वरच्या पत्र्यावर साचलेले पाणी, बॅरल रात्री गार झाली की, बुचाच्या आट्यांतून आत ओढले जाते. म्हणून बॅरल आडवी ठेवतात.

उपाय साधा आहे आणि तो जमिनीवरच करायचा असतो. टाकीच्या तळाच्या झडपेला पारदर्शक नळी लावून थोडे इंधन काढतात. प्रशिक्षणात नेहमी दिसणाऱ्या सेसना 172 एस या विमानाला पंखांखाली दहा आणि पोटाखाली तीन अशा झडपा आहेत. तेराही तपासायच्या. डिझेल फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पाणी सोडणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला हे नवे वाटणार नाही. नळीत वर निळे, खाली पारदर्शक मणी आणि मध्ये स्वच्छ रेघ दिसली तर पाणी आहे. फसगत होते ती नळी पाण्यानेच भरल्यावर, कारण तेव्हा रेघ दिसतच नाही. निळ्या आकाशासमोर धरलेली पाण्याची नळीही निळीच भासते. ती पांढऱ्या पृष्ठभागासमोर धरावी आणि वास घ्यावा. इंधन भरल्यावर लगेच घेतलेल्या नमुन्यावर विसंबू नये, पाणी खाली बसायला वेळ लागतो.

एव्हगॅसऐवजी जेट इंधन, म्हणजे जेट विमानांचे रॉकेलसारखे इंधन, भरले जाणे याहून घातक. कार्ब्युरेटरमध्ये आणि नळ्यांत चांगले इंधन शिल्लक असल्याने इंजिन सुरू होते, धावपट्टीपर्यंत नीट चालते आणि उड्डाणानंतर थोड्याच वेळात दगा देते. इंजिन सुरू झाले, म्हणजे इंधन बरोबर आहे, असे समजणे हीच इथली सर्वांत मोठी चूक. कागदावर थेंब टाकला तर एव्हगॅस उडून जाते, जेट इंधनाचा तेलकट डाग मागे राहतो. अमेरिकी वैमानिक बॉब हूवर यांच्या विमानात असे चुकीचे इंधन भरले गेले होते. दोन्ही इंजिने बंद पडूनही ते वाचले. जेट इंधनाची रुंद तोंडाची नळी पेट्रोल इंजिनाच्या विमानाच्या टाकीत शिरूच नये, अशी जी रचना पुढे रूढ झाली, तिला त्यांचे नाव मिळाले.

पंपावरच्या पेट्रोलवर चालणाऱ्या अतिहलक्या विमानांची अडचण इथेनॉलची आहे. पेट्रोलमध्ये मिसळलेले हे अल्कोहोल पाणी शोषते आणि पाण्याचे प्रमाण वाढले की पाण्यासह पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाला जाते.

हजार फुटांवर इंजिन थांबले तर वारा नसताना सेसना 172 साधारण अडीच किलोमीटर तरंगते. तेवढ्यात उतरण्याची जागा निवडायची. खाली माणसाहून उंच केळीच्या बागा असतात, नाहीतर पावसात चाक धरून ठेवणारी काळी जमीन. अपघातानंतर विमानातले इंधन सांडते किंवा जळते, म्हणून ज्या टँकरमधून किंवा बॅरलमधून ते भरले, तिथला नमुना तपासासाठी वेगळा राखतात.