तंबूची मेख आणि खडकातली सिलिका

तंबूची मेख जमिनीत किती सहज शिरते, यावरून खालच्या ज्वालामुखीचा स्वभाव ओळखता येतो, असे म्हटले तर भूवैज्ञानिक हसतील. परंतु अमेरिकेत ओरेगन राज्यातून दक्षिणेकडे कॅलिफोर्नियात मोटारीने उतरताना आम्हा दोघांना मुक्कामागणिक हाच अनुभव येत गेला. क्रेटर लेकच्या परिसरात मेख तळव्याने दाबताच आत गेली आणि तितक्याच सहजपणे उपटूनही आली. कॅलिफोर्नियातील लाव्हा बेड्स या गोठलेल्या लाव्हाच्या प्रदेशात मात्र ती दोन बोटे आत जाऊन वाकली, आणि शेवटी तंबूचे दोर मोठमोठ्या दगडांना बांधावे लागले.

या फरकाचे मूळ शिलारसातील, म्हणजे वितळलेल्या खडकातील, सिलिकाच्या प्रमाणात आहे. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे अणू एकमेकांत गुंफले जाऊन जाळे तयार करतात. सिलिका जितकी जास्त, तितके हे जाळे दाट आणि शिलारस तितकाच चिकट. लाव्हा बेड्सचा बहुतेक खडक बेसॉल्टचा आहे. त्यात सिलिका साधारण ५० टक्के असते आणि बाहेर पडताना त्याचे तापमान १,१०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, म्हणून तो दूरवर पसरतो. प्रवाहाची वरची साय आधी गोठते आणि खडक उष्णतेचा मंद वाहक असल्यामुळे आतला लाव्हा गरम राहून वाहत राहतो. उगमाकडचा पुरवठा थांबला की तो निथळून जातो व मागे पोकळ बोगदा उरतो. अशा ८०० हून अधिक गुहा येथे नोंदलेल्या आहेत. एकेकाळी वितळलेला खडक जिथून वाहिला, त्यांपैकी काही गुहांच्या तळाशी आज बर्फ आढळतो.

क्रेटर लेकची कथा नेमकी उलट आहे. चिकट शिलारसात विरघळलेली पाण्याची वाफ आणि इतर वायू वर येताना दाब कमी झाला की बुडबुडे होऊन फुगतात, पण चिकटपणामुळे त्यांना सुटता येत नाही. अखेर सारा शिलारसच फेसासारखा फुटून उधळला जातो. सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी माझामा पर्वतातून असा जवळपास ५० घन किलोमीटर शिलारस बाहेर पडला, खालचा आधार गेल्यामुळे शिखर आत कोसळले आणि त्या खळग्यात पाऊस व बर्फाचे पाणी साचून ५९४ मीटर खोलीचे सरोवर झाले. त्याला येऊन मिळणारी नदी नाही आणि त्यातून निघणारीही नाही. गोठलेला फेस म्हणजेच प्यूमिस, पाण्यावर तरंगणारा दगड. आमची मेख पकडून ठेवायला तो फारच हलका होता.

मग सिलिका जास्त म्हणजे स्फोट ठरलेलाच का? खरी मेख इथेच आहे. क्रेटर लेकच्या आधीचा आमचा मुक्काम ओरेगनमधल्याच न्यूबेरी ज्वालामुखीच्या पोटात, कोसळलेल्या कुंडातल्या पॉलिना सरोवराकाठी होता. तेथून जवळच सुमारे १,३०० वर्षांपूर्वीचा काळ्या काचेचा, म्हणजे ऑब्सिडियनचा प्रवाह आहे. त्यात सिलिका सत्तर टक्क्यांहून अधिक आहे, तरीही तो संथपणे सरकत आला. त्याच उद्रेकात आधी प्यूमिस उडाला, वायू निघून गेले आणि उरलेला, जवळपास वायुहीन शिलारस दाट काकवीसारखा बाहेर आला; इतका दाट, की स्फटिक घडायला अणूंना हलताच आले नाही. हातात घेतलेल्या तुकड्याची कड उन्हाकडे धरली, तर तेवढा पातळ भाग धुरकट पारदर्शक दिसतो. (तुकडा जागेवरच ठेवावा लागतो; नेण्यास बंदी आहे, आणि ती योग्यच आहे.) पायाखाली तो फुटक्या बरणीसारखा खणखणतो.

म्हणजे सिलिकाइतकाच वायूही निर्णायक ठरतो. तो लाव्हाविनाही बाहेर पडू शकतो, हे सिएरा नेवाडाच्या पूर्वेकडील मॅमथ पर्वतापाशी दिसले. तेथे १९८९ मध्ये भूकंपांची मालिका झाली आणि १९९० पासून हॉर्सशू सरोवराजवळची झाडे वाळू लागली. मातीतील हवेत कार्बन डायऑक्साइड काही ठिकाणी ९० टक्क्यांवर पोचला होता; मुळांना ऑक्सिजन मिळेना आणि चाळीस हेक्टरांहून अधिक जंगल उभ्याउभ्या मेले. हा वायू हवेच्या दीडपट जड असल्यामुळे खळग्यांत आणि बर्फातील खड्ड्यांत साचतो. उभ्या माणसाच्या नाकाला तो जाणवत नाही, झोपलेल्या माणसाचे नाक मात्र नेमके त्याच्या पातळीत येते. तशा इशाऱ्याचे फलक तेथे लावलेले आहेत. तिथली जमीन सपाट, भुसभुशीत, मेख ठोकायला अगदी सोयीची होती. आम्ही पांढरट पडलेली झाडे पाहून गाडीत बसलो आणि रात्रीचा तंबू बऱ्याच अंतरावर, उंचवट्यावर लावला.