गुदाशयाच्या ऑपरेशननंतर शौचाचं वेळापत्रक पुन्हा बसवताना

कॅन्सरची गाठ निघाली, शौच तात्पुरतं बाहेर घेणारी पोटावरची पिशवीही बंद झाली, आणि मग खरी परीक्षा सुरू होते. दिवसातून आठ-दहा वेळा संडास, एकदा जाऊन आलं की पंधरा मिनिटांत पुन्हा कळ, वारा की शौच हेच कळेना. यामुळे रंकाळ्यावरचं फिरणं सुटतं, लग्नकार्य टळतं. शरमेपोटी पेशंट डॉक्टरांनाही सांगत नाही. सांगायला हवं, कारण यावर उपाय आहेत.

गुदाशय म्हणजे मल साठवणारी, ताणली जाणारी पिशवी. गाठीसोबत तिचा मोठा भाग काढला की वरचं आतडं खाली आणून जोडतात. हे आतडं मल पुढे ढकलायला बनलेलं असतं, साठवायला नाही. रेडिएशन झालं असेल तर ते आणखी कडक होतं. शिवाय गुदद्वाराचा आतला स्नायू, जो आपण न सांगता दार बंद ठेवतो, तोही ढिला पडू शकतो. बाहेरचा स्नायू मात्र आपल्या ताब्यात असतो आणि व्यायामाने बळावतो.

व्यायाम पोटावरची पिशवी बंद होण्याची वाट न बघता, सर्जनना विचारून आधीच सुरू करावा. चारचौघांत वारा अडवताना जसं आवळतो, तसं गुदद्वार आत-वर ओढा. 5 सेकंद धरा, 10 सेकंद पूर्ण सोडा. असं 10 वेळा, दिवसातून 3 वेळा. जमेल तसं 10 सेकंदांवर न्या आणि शेवटी पाच-सहा झटपट आवळणं करा. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे श्वास रोखून पोट आणि कुल्ले आवळणं. त्याने पोटातला दाब वाढतो आणि मल उलट खाली रेटला जातो. पोटावर हात ठेवून बघा, ते मऊ राहिलं पाहिजे. फरक कळायला 8 ते 12 आठवडे लागतात. जमतंय की नाही हे समजत नसेल तर फिजिओथेरपिस्टकडे बायोफीडबॅकची सोय आहे का विचारा. त्यात स्नायूची हालचाल पडद्यावर दिसते.

पण मल पातळ असेल तर कितीही मजबूत स्नायू हरतो. म्हणून आधी तो घट्ट करायचा. एक चहाचा चमचा इसबगोल अर्धा कप पाण्यात ढवळून लगेच प्यावं. कोरडं कधीही गिळू नये, घशात अडकतं. जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची 2 मिलिग्रॅमची गोळी जेवणाआधी अर्धा तास घेतात, पण डोस डॉक्टरांनीच ठरवायचा. जास्त झाली की दोन दिवस कोंडतं आणि मग एकदम सुटतं.

जेवलं की मोठं आतडं हलू लागतं, त्यामुळे कळ बहुधा जेवणानंतरच येते. रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं ठेवा. तिखटातला जळजळणारा घटक खालपर्यंत पोचतो, म्हणून मिसळीचा कट आणि तांबडा रस्सा सुरुवातीचे काही महिने बाजूला. पांढरा रस्साही तेवढाच जड. कट्ट्यावरचं ताजं दूध काहींना सोसत नाही. आठवडाभर बंद करून फरक बघा, ताक बहुतेकांना चालतं. काय खाल्लं आणि किती वेळा जावं लागलं, हे वहीत लिहा. ती वही तपासणीला न्या, डॉक्टरांना औषध ठरवायला फार उपयोगी पडते.

कळ आली की धावू नका. खुर्चीत बसून आवळा, लांब श्वास घ्या, 1 मिनिट थांबा. हे 5, मग 10 मिनिटांपर्यंत वाढवा. संडासात मात्र कुंथत बसायचं नाही. वारंवार पुसण्याने कातडी सोलवटते; पाण्याने धुऊन टिपून घ्या आणि झिंक ऑक्साइडचं मलम लावा.

रक्त, ताप, वजन घटणं किंवा वारा सरणंही बंद होणं दिसलं तर थांबू नका, डॉक्टर गाठा.

एवढं करूनही भागलं नाही, तर गुदद्वारातून कोमट पाणी सोडून आतडं धुण्याची पद्धत आहे. टाके भरल्याची सर्जननी खात्री केल्यावरच, आणि पहिल्यांदा शिकलेल्या नर्ससमोर. सकाळी असं पोट रिकामं झालं की बऱ्याच जणांना पुढचे कितीतरी तास मोकळे मिळतात. जोतिबाच्या डोंगरावर जाऊन यायला तेवढे पुरतात.