टर्की हा पक्षी तुर्कस्तानचा नव्हे

‘टर्की हा पक्षी मूळचा तुर्कस्तानचा, म्हणून त्याचे हे नाव’ असा मजकूर बरीच वर्षे फिरत आहे. काही वेळा तर पक्ष्यावरूनच देशाला नाव मिळाले, असेही त्यात असते. नावांतील साम्य पाहता असा समज होणे स्वाभाविक आहे, परंतु दोन्ही विधाने खरी नाहीत.

हा पक्षी मूळचा उत्तर अमेरिकेतील. मेक्सिकोत स्पॅनिश लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून तो पाळला जात असे आणि सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो युरोपात पोहोचला. आफ्रिकेतील गिनी फाऊल हा कोंबडीसारखा पक्षी त्या काळी तुर्की मुलखातून व्यापाऱ्यांमार्फत येत असल्याने इंग्रज त्यालाच ‘टर्की’ म्हणत. नवा पक्षी त्याच्यासारखा वाटल्याने ते नाव यालाही मिळाले आणि पुढे याचेच होऊन राहिले. देशाचे इंग्रजी नाव मात्र चौदाव्या शतकातील लिखाणातही आढळते, एवढ्यावरूनच दुसरे विधान बाद ठरते.

पडताळणीसाठी अन्य भाषांचे शब्दकोश उघडावेत. खुद्द तुर्की भाषेत या पक्ष्याला ‘हिंदी’ म्हणतात, फ्रेंच नावाचा मूळ अर्थ ‘इंडियाची कोंबडी’ असा होतो (तेव्हा अमेरिकेलाही ‘इंडीज’ म्हणत), तर पोर्तुगीजांनी त्याला पेरू देशाचे नाव दिले. जो तो दुसऱ्याच मुलखाकडे बोट दाखवतो! प्रत्यक्षात १६१२ मध्ये गोव्याहून हा पक्षी मुघल दरबारात पोहोचला, तेव्हा तो तेथे इतका अपरिचित होता की बादशहाने त्याचे चित्र काढवून घेतले.